सासऱ्यांच्या अंगणातली ली

माझ्या सासऱ्यांच्या घरात एक इंग्रजी शब्द राहतो, आणि तो मी नेलेला नाही.

मी अंबडला एका शाळेत इंग्रजी शिकवतो. माझं लग्न झालं तेव्हापासून त्या घरात जे काही इंग्रजी गेलं ते माझ्या हातून गेलं. फवारणीच्या बाटलीवरचं, रक्ताच्या रिपोर्टमधलं, बँकेच्या मेसेजमधलं, टीव्हीवरच्या बातम्यांतलं. हा एक शब्द तेवढा माझ्या साडूने नेला. शब्द एवढासा आहे: ली. तो जहाजावरचा आहे. वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूला, जहाजाच्या अंगाआड, वाऱ्यापासून वाचलेली जी बाजू असते तिला ली म्हणतात. आमच्या जिल्ह्यातून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. तिथला हा शब्द तीर्थपुरीकडच्या एका शेतात येऊन बसला, आणि माझ्या डोळ्यांत अजून सलतो.

आधी त्या घरातली माझी जागा सांगतो, म्हणजे मला एवढं लागण्याचं कारण कळेल.

माझे वडील शहागडजवळच्या एका गावात दुसऱ्याच्या शेतावर सालाने राहायचे. आमची स्वतःची जमीन नव्हती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, मग अंबडला कॉलेज केलं, बीए झालो, बीएड झालो, नोकरीला लागलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सासऱ्यांकडे विहीर आहे, मोसंबीची बाग आहे, गावात मान आहे. अशा घरातली थोरली मुलगी आमच्याकडे यायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या भावकीने त्यांना बरंच सुनावलं. जमीन न्हाई, जुमला न्हाई, पोरीला काय पुस्तकं खाऊ घालणार का, असं एकजण बैठकीतच म्हणाला. मी तिथेच सतरंजीच्या कडेला बसलो होतो. सासरे म्हणाले, "मी पोरगी जमिनीला न्हाई देऊ राह्यलो. शिक्षणाला देऊ राह्यलो."

माझ्याविषयी इतकं मोठं वाक्य त्याआधी कुणी बोललं नव्हतं, नंतरही नाही. मला नोकरीची ऑर्डर मिळाली तेव्हासुद्धा त्या वाक्याइतका आनंद झाला नव्हता.

मी त्यांना मामा म्हणतो. आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. मामा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांची एक पद्धत होती. कानावर पडलेला किंवा डोळ्यांना अडलेला इंग्रजी शब्द ते डोक्यात जपून ठेवायचे. मी गेलो, हातपाय धुतले, पाणी प्यालो की बाजेवर टेकून एकेक काढायचे. नॉमिनी म्हंजी काय? औषधावर सिस्टेमिक लिव्हलंय ते कशाला? नुसता अर्थ सांगून भागायचं नाही. तो शब्द कोण वापरतं, कधी वापरतं, त्याच्या उलटा कोणता, सगळं लागायचं. वर्गातल्या मुलांनी मला इतकं कधी विचारलं नाही. एकदा बांधाच्या भांडणाच्या तारखेला ते अंबडच्या कोर्टात आले होते. काम लवकर उरकलं म्हणून शाळेत आले आणि माझा तास सुटेपर्यंत व्हरांड्यात खिडकीशी उभे राहून ऐकत राहिले. तास सुटल्यावर शिपायाला म्हणाले, "ते आमचे जावई." शिपाई मला रोज बघतो. त्याला सांगायची काही गरज नव्हती.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. मुलगा परतूरकडच्या कोरडवाहू गावातला, कोर्स करून मालवाहू जहाजावर लागलेला. काही महिने पाण्यावर, काही महिने घरी. मी गोदावरीच्या काठचा, शहागडच्या पुलाखाली पोहायला शिकलेला; आणि पाण्यावरची नोकरी लागली ती ज्याच्या गावात मार्चपासून टँकर फिरतो त्याला. मला याची गंमत वाटते, असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचो.

मुलगा वाईट नाही, हीच खरी अडचण. बढाया मारणारा असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो कमी बोलतो. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतो. मला सर म्हणतो, आणि जहाजावर वरच्या माणसाला म्हणतात तसं उभं राहून म्हणतो. त्याच्याविषयी वाईट बोलायला मला जागा सापडत नव्हती आणि मी शोधत होतो.

तो शब्द आला तो त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. मामा आणि मामी तिथेच राहतात. सकाळी गार होतं, अंगणात शेकोटी पेटवली होती आणि धूर नेमका मामांच्या डोळ्यांत जात होता. ते मान इकडून तिकडे करत होते. साडू उठला, त्याने बाज उचलून घराच्या उगवतीच्या भिंतीला नेऊन ठेवली आणि म्हणाला, "मामा, इकडं बसा. ही ली साइड."

मामांनी डोळे पुसले. मी पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं जे माझ्यासमोर यायचं. शब्द सापडल्याचं.

मग झालं. कोण वापरतं, कधी वापरतं, उलटा कोणता. साडूने सांगितलं की वारा लागतो ती वेदर साइड, तिच्या उलट ली. बंदर जवळ आलं की वाट दाखवणारा माणूस लहान बोटीतून येतो आणि दोरीच्या शिडीने जहाजावर चढतो. उसळत्या पाण्यात त्या बोटीचा चुराडा व्हायचा, म्हणून एवढं थोरलं जहाज वाऱ्याला आडवं होतं आणि आपल्या अंगाआड शांत पाण्याची एक पट्टी करून देतं. त्याला ली देणं म्हणतात. मामा ऐकतच राहिले. "एवढं मोठं जहाज एका माणसासाठी आडवं व्हतं?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मीही ऐकत होतो. चांगलं सांगितलं त्याने, हे मला तेव्हाच कळलं. शिकवण्याचा माझा धंदा आहे. चांगलं शिकवलेलं मला ओळखू येतं. चहा गार झाला म्हणून मी मामींना दुसरा मागितला. खरं तर तो गार झाला नव्हता.

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा शब्द घरातला झाला होता. मामी गड्याला सांगत होत्या की वासरू लीला बांध. मामा म्हणत होते, बाज लीवरच राहू द्या. मोटरसायकल लीत लावा, असं मला सांगण्यात आलं. इतक्या वर्षांत मी त्या घरात किती शब्द नेले. एकालाही मराठीचा प्रत्यय लागला नव्हता. नॉमिनी नॉमिनीच राहिला, सिस्टेमिक बाटलीवरच राहिला. ते सगळे पाहुण्यासारखे आले आणि गेले. हा मात्र आला आणि ला, वर, त लावून घरच्यासारखा वावरू लागला. आणि बाजेवर टेकल्यावर मामांनी त्या दिवशी काहीच विचारलं नाही. पाव्हण्याचं जहाज आता कुठं असंल, एवढंच म्हणाले.

शेजारच्या शेतातले आबा बसले होते. मामांच्या वयाचे, जिभेला धार असलेले. ते मला म्हणाले, "सर, तुमची बदली झाली म्हणायची."

सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन मी मोठा शब्दकोश काढला. मराठीत सांगायचं तर त्यात एवढंच होतं की ली ही एक बाजू आहे, आणि ती वाऱ्यावर ठरते. वारं बदललं किंवा जहाज वळलं की ली बदलते. हे वाचून मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. कारण मामांनी काय केलं होतं ते माझ्या लक्षात आलं. मामांच्या शेतात सगळ्या गोष्टी जागच्या असतात. उगवतीचा बांध उगवतीलाच राहतो, विहिरीची वाट विहिरीकडेच जाते, खालची पट्टी खालीच असते. मामांनी लीलाही तसंच एका जागी बसवून टाकलं होतं. घराची उगवतीची भिंत आणि तिच्यापुढचं अंगण म्हणजे ली. हिवाळा असो, उन्हाळा असो. त्या दिवशी वारं मावळतीकडून होतं म्हणून ती ली होती; मामांना ती कायमचीच वाटली.

त्या वर्षी ज्वारी काढल्यावर त्यांनी कडब्याची गंजीही तिथेच रचायला घेतली. दरसाल ती बांधाच्या कडेला, घरापासून लांब असायची. या वर्षी घराच्या भिंतीपासून हाताच्या अंतरावर. वाऱ्याने कडबा उडायचा न्हाई, लीत हाये, असं ते गड्याला समजावत होते. मी पोहोचलो तेव्हा गंजी कमरेइतकी झाली होती. मी म्हणालो, "मामा, ली ही जागा नसते. वारं फिरलं की ती फिरते. उद्या वारं उगवतीकडून आलं तर हीच वाऱ्याची बाजू होईल. गंजी घराला चिकटवू नका."

मामांनी पेंढी खाली ठेवली. "पाव्हण्यानं दाखवली ती हीच जागा न्हाई का?"

"त्या दिवशी होती."

"सर, तुम्ही जहाजावर गेल्ता का कधी?"

त्यांनी हे चिडून विचारलं नाही. खरोखरच विचारलं. जो शब्द जिथला, तिथला माणूस त्यात खरा, असं त्यांचं सरळ गणित होतं. औषधाच्या बाटलीवरचा शब्द सांगताना मी कधी औषधाच्या कारखान्यात गेलो नव्हतो, पण तेव्हा हे गणित त्यांना सुचलं नव्हतं. मी शब्दकोशाचं सांगू लागलो. ते ऐकत होते, पण हात पुन्हा पेंढीकडे गेले होते. गड्याने माझ्याकडे बघून दुसरीकडे पाहिलं. आणि माझा आवाज वर्गात मागच्या बाकाला दटावतो तसा झाला होता, हे मला स्वतःलाच ऐकू येत होतं.

परतताना बायको मोटरसायकलवर मागे बसली होती. अंबड जवळ आल्यावर म्हणाली, "तुम्हाला त्याचं पाहवत न्हाई."

मी म्हणालो, मी शब्दाचं बोलत होतो. ती म्हणाली, "शब्दाचंच म्हणून राह्यले मी बी."

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात आमच्याकडे जावयाला बोलावतात. पुरण भरून धोंडे करतात, जावयाला पाटावर बसवून त्याचे पाय धुतात, ओवाळतात, नवे कपडे देतात. त्या दिवशी जावई म्हणजे देवच; त्याने तांब्यासुद्धा उचलायचा नाही. या वेळी अधिक ज्येष्ठात आला होता, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, आणि धाकट्या जावयाचा हा पहिलाच धोंडा होता. तो नेमका सुट्टीवर होता. भावकी, शेजार, सगळ्यांना आमंत्रण गेलं.

माझा पहिला धोंडा मला आठवत होता. मामांनी माझ्या शेजारी माझ्या वडिलांनाही पाट मांडला होता. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या ओसरीखाली बसून भाकर खाल्ली त्यांना मामांनी हाताला धरून पाटावर बसवलं. हे मी विसरत नाही, विसरणारही नाही. पण माणूस विसरत नाही आणि तरीही जळतो. या दोन गोष्टी एका पोटात राहतात.

मांडव अर्थातच लीत घातला होता. घराच्या उगवतीच्या भिंतीपासून गंजीला लागून पुढे ताडपत्री ताणली होती. स्वयंपाक मोठा, म्हणून मांडवाच्या पलीकडे दगडांची चूल मांडून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. वारं मावळतीचं, त्यामुळे धूर मोकळ्या रानात चालला होता. आल्यागेल्याला मामा कौतुकाने दाखवत होते की बघा, मांडवात धुराचं नाव न्हाई, पाव्हण्याचं जहाजाचं शास्त्र हाये. एका नातेवाइकाला त्यांनी आमची ओळख करून दिली. "हे आमचे जहाजवाले जावई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे हात करून, "आन् हे अंबडचे."

दुपारी वारं पडलं. एकदम. ताडपत्री सैल पडली आणि धूर सरळ वर जाऊ लागला. मी उगवतीकडे पाहिलं. खालून आभाळ काळं होत आलं होतं. अशा दिवसांत वारं तिकडून उठतं हे आमच्याकडे प्रत्येकाला माहीत असतं; मामांना तर माझ्यापेक्षा जास्त. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष पाटांकडे होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो की वारं फिरेल, चूल विझवू या किंवा मांडव तरी हलवू या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाले की आज तुम्ही बी जावई हाये, गुमान पाटावर बसा.

बसलो. पहिला धोंडा म्हणून आधी साडूचे पाय धुतले, आधी त्याला ओवाळलं. रीत तशीच आहे. मी रीतीला नावं ठेवत नाही. मी फक्त समोर बघत होतो आणि मला दिसत होतं की तोही उगवतीकडेच बघतोय. त्याची मान ओवाळून घ्यायला खाली होती, पण डोळे वर होते.

पहिली झुळूक आली तेव्हा मामी माझ्यासमोर निरांजन घेऊन उभ्या होत्या. ते विझलं. दुसऱ्या झोताबरोबर चुलीचा सगळा धूर मांडवात शिरला. ताडपत्रीने वारं धरलं, एक खांब जमिनीतून उखडून वर उचलला गेला. माणसं खोकत, डोळे चोळत उठली. पऱ्हाटीच्या ठिणग्या आता मांडवावरून गंजीकडे चालल्या होत्या.

साडू पाटावरून उठला. ओले पाय, कपाळाला कुंकू. तो मोठ्याने बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मामा, ली आता तिकडं झाली," तो म्हणाला आणि घरामागे हात केला.

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. "चला, सगळं मावळतीला घ्या, जल्दी," त्यांनी आवाज दिला आणि सगळं घर हललं. मी तोंड उघडलं होतं. माझं वाक्य तयार होतं, कित्येक दिवसांपासून तयार होतं. ते बोलायला जागाच उरली नव्हती.

गंजीच्या कडेला दोन-तीन पेंढ्यांनी पेट घेतला होता. साडू आणि मी एकाच वेळी तिथे पोहोचलो. नवे कपडे घातलेले दोन जावई पेंढ्या ओढून काढत होते आणि पायाने तुडवत होते. मामींनी पाण्याची वाट बघितली नाही. आमटीचं पातेलं उचललं आणि चुलीवर पालथं केलं. सगळ्या रानात कटाच्या आमटीचा वास सुटला. आबा धुरातून ओरडले की आता चुलीचा बी धोंडा झाला.

नुकसान झालं नाही. गंजीची एक बाजू काळी झाली, ताडपत्री फाटली. आम्ही घरामागे जेवायला बसलो. तिथे म्हशी बांधतात, पलीकडे उकिरडा आहे, सांडपाण्याची चारी आहे. पण वारं लागत नव्हतं. पाट पुन्हा मांडले. आमटीवाचून धोंडे तुपाबरोबर खाल्ले. माणसं हसत होती, प्रत्येकजण आपण काय उचललं ते सांगत होता.

मामांनी मात्र ताट बाजूला सरकवलं. मग साडूला म्हणाले, "म्हंजी ली फिरती व्हय?"

"फिरते मामा. सरांना माहीत होतं. ते मघाशीच म्हणाले. मी पाटावर होतो म्हणून गप बसलो."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. माझी बाजू घेतली. मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता. मी बरोबर होतो हे पटवायलाही मला त्याचीच साक्ष लागत होती.

मामांनी मान हलवली. "सांगितल्तं सरांनी. गंजी रचतानाच सांगितल्तं. पण मला वाटलं, ते तुमची खोड काढू राह्यले."

यात टोचणी नव्हती. मोसंबीची पानं पिवळी पडली तर ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात सांगितलं त्यांनी. माझी बायको ताटात धोंडा मोडत होती. तिने वर पाहिलं नाही. पावसाळ्याआधी गंजी बांधाला नेऊ या, मी येतो हात लावायला, एवढं म्हणालो. मामा म्हणाले, या.

गेलो. पेंढ्या डोक्यावर घेऊन बांधाकडे जाताना मामा मध्येच थांबायचे, चिमूटभर माती हातातून सोडून वारं बघायचे आणि आज ली कुठं ते सांगायचे. आता ते बरोबर सांगत होते. शब्द आता अगदी जसा वापरायला हवा तसा वापरला जात होता. तो तरीही माझा नव्हता.

जून संपता संपता साडू पुन्हा जहाजावर गेला. पावसाळ्यातला समुद्र. मेहुणी माहेरी येऊन राहिली होती. मोबाइलवर जहाज कुठे आहे ते दिसतं. नकाशावर एक छोटासा बाण असतो. ती म्हणाली, "दाजी, तुम्ही बघून बाबांना सांगत जा. मी बघितलं की मला झोप लागत न्हाई." तिने मला सगळं लावून दिलं.

तेव्हापासून मामांचा रोज फोन येतो. शाळा सुटून मी घरी आलो, चपला काढल्या की येतो.

"सर, कुठं आलं?"

मी बघून सांगतो.

"वारं?"

तेही बघायची सोय आहे. मी म्हणतो, नैर्ऋत्येचं.

"जहाजाचं तोंड कुणीकडं?"

"उत्तरेला."

ते थोडा वेळ थांबतात. बहुतेक डोळे मिटून जहाज उभं करत असतील, शेतातल्या उभ्या पट्टीएवढं. "मंग ली उजवीकडं," ते म्हणतात. बरोबर असतं. "त्याला सांगा, काम नसलं की उजवीकडं बसत जा म्हणावं."

मी सांगतो. साडूला मेसेज टाकतो की मामा म्हणतात, आज उजवीकडे बसा. मेसेज लगेच पोचत नाही. एकच खूण दिसत राहते. कधी दोन-तीन दिवसांनी दुसरी खूण येते आणि त्याचं उत्तर येतं की बसलो होतो सर, मामांना सांगा. किनाऱ्यापासून फार आत गेलं की नकाशावरचा बाणही पुढे सरकत नाही. तेव्हा मामा विचारतात आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं. मी म्हणतो, दिसत नाही मामा, पण समुद्रात मध्ये गेलं की असंच होतं. "तुम्हाला म्हाईत हाये ना बराबर?" ते विचारतात. मी हो म्हणतो. तेवढ्यावर ते फोन ठेवतात.

म्हणजे विचारणं पुन्हा माझ्याकडे आलं. पूर्वी आठवड्याने व्हायचं ते आता रोज होतं. बायको म्हणते, आता तरी झालं का समाधान? मी हसून सोडून देतो. मामांच्या प्रश्नात आता एकच माणूस असतो आणि तो मी नाही. मी पाण्यावर असतो तर मामांनी असंच संध्याकाळी कुणाला तरी फोन करून वारं विचारलं असतं का, हे मला रोज वाटतं. अंबडात बसलेल्या माणसाचं वारं कोण विचारणार? हे त्यांना विचारता येत नाही. विचारलं तर ते खरं उत्तर देतील, ही भीती आहे, आणि ते उत्तर काय असेल हे ठाऊक नाही.

काल तीन दिवसांनी बाण हलला. मामांचा फोन यायच्या आत मी वाऱ्याची दिशा बघून ठेवली होती.